जॉवेट गाडी माझ्या मिळकतीत नाही

मी, मनमोहन गंगाधर धैर्यवान, वय वर्षे चौसष्ट, आगबोट कंपनीच्या कचेरीतून निवृत्त झालेला हेडक्लार्क, राहणार ठाकूरद्वार, गिरगाव, मुंबई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीने दोनदा इशारा दिला आहे आणि डॉक्टरांनी मोटारीचे हँडल फिरवायला मनाई केली आहे. बुद्धी मात्र ठिकाणावर आहे. त्याबद्दल शंका आल्यास माझी पत्नी सौ. सुमती हिला विचारू नये. १९४७ साली मी मोटार घेतली त्या दिवसापासून तिचे याबाबत मत वेगळे आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता, तो मी फाडला. का फाडला ते कलम पाचमध्ये येईल.

कलम १. राहत्या दोन खोल्यांची भाडेपावती सुमतीच्या नावे व्हावी. पोस्टातील शिल्लक आणि घरातील सर्व चीजवस्तू तिचीच. तिचे दागिने तिचेच होते, त्यांना हात लावण्याचे धैर्य आडनाव असूनही मला कधी झाले नाही. तेलकट कपडे तिने तेरा वर्षे वेगळ्या बादलीत भिजवले आणि तेरा वर्षे त्याबद्दल मला ऐकवले. दोन्ही गोष्टींसाठी मी तिचा ऋणी आहे.

कलम २. मुलगा चि. हेमचंद्र, राहणार दादर, यास माझे भिंतीवरचे घड्याळ, चांदीचे ताट आणि वडिलांची सर्व पुस्तके मिळावीत. मुलगा गुणी आहे. परंतु गेल्या महिन्यात, मी अंथरुणावर असताना, तो एका भंगारवाल्याला वाडीत घेऊन आला. कलिंगड घेताना वाजवून बघतात तसे त्या माणसाने माझ्या गाडीच्या बॉनेटवर बोटाने वाजवून पाहिले. मी खिडकीतून सगळे पाहिले. मी डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी तो माणूस हातगाडी घेऊन येणार, हे मला पक्के ठाऊक आहे. हे मृत्युपत्र त्याच कारणासाठी लिहीत आहे, एरवी कलम एकपुढे मला काही लिहिण्याची गरज नव्हती.

कलम ३. समोरच्या बिऱ्हाडातील तात्यांना गाडीचा रबरी भोंगा द्यावा. बारा वर्षे त्यांनी त्याविरुद्ध वाडीच्या मालकाकडे अर्ज केले. एकदा तर अर्जात ‘डबडे’ असा शब्द वापरला. आता भोंगा त्यांच्या ताब्यात राहील आणि त्यांना झोप लागेल. गाडीत मूळचा म्हणावा असा तो एवढाच भाग उरला आहे, म्हणून तेवढाच देण्याचा मला अधिकार आहे.

कलम ४. आता गाडीविषयी. १९३४ सालची जॉवेट. विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून मी ती घेतली तेव्हा ती ताडपत्रीखाली चार वर्षे उभी होती. इतर गाड्यांच्या इंजिनात सिलिंडर उभे असतात. हिच्यात दोन आहेत आणि दोन्ही आडवे, एक डावीकडे, एक उजवीकडे, जागा कमी म्हणून पायाला पाय लावून निजलेल्या भावंडांसारखे. एकाचा धक्का दुसरा सावरतो. एवढेसे इंजिन, पण पेडर रोडचा चढ ते कुरकुर न करता चढते. मला त्याचे कौतुक आहे आणि ते मी कायद्याच्या कागदावरही लपवणार नाही. कंपनीने मोटारी करणे सहा वर्षांपूर्वीच थांबवले. सुटा भाग कुठे मिळत नाही.

तरीही गाडी चालते, याचे कारण श्री. कोंडीराम भिवा गमरे, राहणार बी.डी.डी. चाळ, वरळी, लोअर परळच्या गिरणीत फिटर. पुढे मी नुसते कोंडीराम लिहितो, कारण हाक तशीच मारतो.

१९४८ साली परळच्या नाक्यावर गाडी बंद पडली. पाळी सुटून चाललेला एक माणूस थांबला. त्याने स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाला, “डावी बाजू झोपलीय.” दहा मिनिटांत ती जागी झाली. त्यानंतर दर रविवारी तो वाडीत येऊ लागला. झिजलेला प्रत्येक भाग तो लालबागेतल्या ओळखीच्या लेथवर नवा करून आणी. मजुरी विचारली की म्हणे, “गिरणीत रोज एकच मशीन बघतो, अप्पा. ही बघितली की बरं वाटतं.”

एकदा जाताना त्याने सांगितले, “क्लचच्या पेडलला आठ सूत मोकळं ठेवा.” मी पडलो कारकून. देवघरातून जानव्याचे सूत काढले, आठ पदर मोजले आणि पेडलला गुंडाळले. मोकळे ठेवायचे म्हणून सैल गुंडाळले.

पुढच्या रविवारी त्याने वाकून पाहिले आणि फुटबोर्डावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. “सूत म्हणजे धागा नाय वो अप्पा! इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे सूत. आठ सूत म्हणजे सरळ एक इंच! आणि हे आणलंत कुठून?”

“जानव्याचं आहे,” मी म्हणालो.

“म्हणजे गाडीची मुंज झाली! आता मी हिला हात लावू का नको?”

तो हसतच होता. मला हसू आले नाही, कारण आमच्या गॅलरीच्या कठड्यावर एक कान तुटलेला कप होता. कोंडीरामला चहा त्याच कपात दिला जाई. दोन वर्षे. त्याने कधी शब्द काढला नाही आणि मीही काढला नाही. सुमती गॅलरीत उभी होती, तिने सगळे ऐकले. तिने तो कप उचलला, मोरीत आपटला आणि “फुटला मेला,” असे म्हणून घरातल्या कपांत चहा आणला. त्या दिवशी मी माझ्या पत्नीपुढे लहान झालो आणि ते बरे झाले. मला त्या दोन वर्षांची शरम वाटते, ती येथे नोंदवून ठेवतो.

१९५६ च्या जानेवारीत मी कोंडीरामबरोबर इंजिनाचे गॅस्केट कापून आणायला लालबागला गेलो असताना मराठी राज्याच्या आंदोलनावर गोळीबार सुरू झाला. डंकावर मसाला कुटणारी चंपा नावाची बाई मांडीत गोळी लागून गटाराशेजारी पडली होती. कोंडीरामने तिला उचलून गाडीत मागे घातले आणि म्हणाला, “अप्पा, तुम्ही चालवा, मी हँडल मारतो.” हँडलच्या एका फिरक्यात गाडी सुरू झाली. क्लच आठ सुतांवर बरोबर सुटला. दगड, धूर, पळणारी माणसे यांतून आम्ही परळच्या इस्पितळात पोहोचलो. चंपा वाचली. अजून दर उन्हाळ्यात ती आम्हाला मसाल्याची बरणी पाठवते. मी आयुष्यभर जहाजांची कागदपत्रे लिहिली. एवढे उपयोगाचे काम मी तेवढे एकच केले आणि तेही त्याच्या हातांमुळे.

त्याच वर्षी दसऱ्याला तो नागपूरला गेला आणि दीक्षा घेऊन आला. दरवर्षी आम्ही गाडीला झेंडूची माळ घालत असू. पुढच्या दसऱ्याला तो म्हणाला, “पूजा तुम्ही करा, अप्पा. मी तोवर प्लग साफ करतो.” त्या वर्षी प्लग फार सुरेख साफ झाले होते.

कलम ५. वकिलांच्या मसुद्यात ‘सदर मोटारगाडी श्री. गमरे यांस बक्षीस देत आहे’ असे होते. मी ते कोंडीरामला वाचून दाखवले. तो गाडीचे पाने पुसत होता. हात थांबवून म्हणाला, “बक्षीस नको. बक्षीस देणारा वर असतो आणि घेणारा खाली. आम्ही लई वर्षं खाली होतो, अप्पा.”

मी म्हणालो, “अरे, कायद्यातला शब्द आहे.”

“मग कायद्याला सांगा, दुसरा शोध.”

ज्याला लाभ होतो त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असे वकील म्हणाल्याचे मी बोलून गेलो. त्याने ते लगेच पकडले. “मग साक्षीला मीच बसणार. प्रश्नच मिटला.” गाडी भंगारात जाईल हे ठाऊक असूनही तो हलला नाही. मला राग आला आणि रागापेक्षा अभिमान जास्त वाटला.

चार दिवस विचार करून मी असे जाहीर करतो: ही गाडी मी कोणालाही देत नाही. ती माझ्या मिळकतीत नाही. क्लच, गिअरचे दाते, पिस्टनच्या रिंगा, दारांच्या कड्या, छताचे कापड, मागची सीट, सर्व कोंडीरामने केले. त्याने शिकवेपर्यंत पान्यांची नावेही मला येत नव्हती, सबब पानेही त्याचेच. सरकारी पुस्तकावर माझे नाव आहे ती कारकुनी चूक आहे. ती दुरुस्त करण्यासाठी नावबदलीच्या अर्जावर सही करून तो मी हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. हेमचंद्राने दुसऱ्याची वस्तू विकू नये.

साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही, असे वकील सांगतात. परंतु ज्याने तपासल्याशिवाय एक नट बसवला नाही, त्याच्याकडून न वाचता सही घेणे मला जमणार नाही. तो वाचील. लाभ त्याला काही नाही, साक्ष मात्र त्याचीच लागेल. पटले नाही तर त्याने सही करू नये, मग भंगारवाला आहेच.

येत्या रविवारी आपले राज्य होत आहे. त्या दिवशी चंपाला पुढे बसवून गाडी शिवाजी पार्कपर्यंत जावी अशी इच्छा आहे. असलो तर मी मागे बसेन.

मुक्काम मुंबई, ता. २४ एप्रिल १९६०

सही: मनमोहन गंगाधर धैर्यवान

वरील सही आमच्यासमोर झाली.

साक्षीदार १: डॉ. जगदीश राजाराम कीर्तिकर, गिरगाव

साक्षीदार २: कोंडीराम भिवा गमरे, फिटर, वरळी. वाचून सही केली. कलम तीनमध्ये चूक आहे. भोंगा मूळचा नाही. रबर आणि पितळ दोन्ही मी १९५२ साली बदलले. अप्पांना त्या आवाजाचा लळा होता म्हणून बोललो नव्हतो. तेव्हा भोंगापण माझाच. तात्यांना मी माझ्या हाताने देईन. बाकी सर्व बरोबर आहे.