सर्वांत पुढचं चाक

शुक्रवार, ता. १४

चि. छकुलीस,

अनेक आशीर्वाद. आईच्या नावचं तुझं पत्र आज दुपारी आलं, ते मीच फोडलं. इकडे पाणी वेळेवर येतंय. माझी पाठ कुरकुरते, पण चालतंय. मागच्या खोलीची खिडकी एकदाची नीट बसवली. बाकी ठीक.

तू खोली बदललीस हे आम्हाला ठाऊक नव्हतं. गेल्या शनिवारी तुला तार केली होती, ती परत आली. त्या तारेबद्दल लिहितोच. आधी तुझ्या बातमीचं बोलू.

तबकड्यांच्या कंपनीच्या साहेबांनी तुला सांगितलं, की स्टँडसमोरच्या हॉटेलातल्या ज्यूकबॉक्समध्ये तुझं गाणं सगळ्यांच्या पुढे आहे, आता दुसरी तबकडी काढू. म्हणून तू महिनाअखेर शाळेतली नोकरी सोडणार. साहेबांना ते मीच कळवलं होतं. मिशीतल्या मिशीत हसत कळवलं होतं, खोटं कशाला बोलू? चाचणीपुरती एकाच पेटीत ठेवलेली नवीन गायिकेची तबकडी, आणि मोठमोठ्यांना मागे टाकते म्हणजे काय!

लहानपणी तू हट्टाने पेटीच्या झाकणात डोकं घालायचीस. आतली चाकं आठवतात ना? प्रत्येक तबकडीमागे एक, आणि तबकडी वाजली की चाक एक दाता पुढे. दर शुक्रवारी मी झाकण उघडतो, मागे पडलेली तबकडी काढतो, नवी घालतो, सगळी चाकं शून्यावर आणतो. इतकी वर्षं पोट त्यावर चाललं. चाक खोटं बोलत नाही, हे मी तुलाही शंभरदा ऐकवलंय.

आज झाकण उघडलं तर तुझं चाक शून्यावरच. मला वाटलं, अडकलं. तेलाची कुपी काढली, तेल सोडलं, बोटाने फिरवून पाहिलं. सुरळीत फिरत होतं. तरी मी आपला स्क्रू सैल करत बसलो. शेवटी हॉटेलवाला गल्ल्यावरून उठून आला. हळूच म्हणाला, "भाऊ, राहू द्या. चाकाला काही झालेलं नाही. ते गाणं वहिनीच लावायच्या."

छकुले, तुझी आई गेली. तारेत तेच होतं. सकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्याशी खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. वर 'ठीक' लिहिलं ते हाताच्या सवयीने. काही ठीक नाही. मला घरात पाय ठेववत नाही.

मी कामावर निघालो की ती बाजाराची पिशवी घेऊन रोज तिथे जायची म्हणे. तुझंच गाणं, पुन्हा पुन्हा. शुक्रवारी मात्र जायची नाही, त्या दिवशी मी तिथे असतो म्हणून. मला पत्ता लागू दिला नाही.

आणि तू पत्रात विचारलंयस, "आई, रोज ऐकतेस ना?" तिला वर्षभर काही ऐकू येत नव्हतं गं. दोन्ही कान गेले होते. छकुलीला कळलं तर सगळं सोडून धावत येईल, म्हणून तिने माझ्याकडून शपथ घेतली होती. आता ती शपथ कुणासाठी पाळू?

हॉटेलवाल्याच्या तोंडून हे ऐकलं आणि मी स्वतः तुझं गाणं लावलं. दुपारची गर्दी होती, सगळी टेबलं भरलेली. मी पेटीपाशी उभा राहून एकेकाचं तोंड बघत होतो. कुणी मान वर केली नाही. दुसरं कडवं चालू असताना एक ड्रायव्हर म्हणाला, "काका, जरा दुसरं काही लावा की." मी चिडलो नाही. त्याची काय चूक?

उद्याच्या टपालाने साहेबांना आकडे पाठवायचे आहेत. बोटाने चाक पुढे ढकलणं अवघड नाही, बोट टेकवून पाहिलंही होतं. पण मग तू नोकरी सोडशील, दुसरी तबकडी निघेल, आणि तिचं चाक कोण फिरवणार? खरा आकडा लिहिलाय. तबकडी काढून घरी आणली आहे. राजीनामा देऊ नकोस. आई आणि गाणं दोन्ही एकाच पत्रात तुझ्यापासून काढून घेतोय, मला दुसरं काही सुचत नाही.

गाणं चांगलं की वाईट, मला विचारू नकोस. मला कधीच कळलं नाही, मला आकडे कळतात.

हॉटेलवाल्याने एकदा तिला खुणेने विचारलं होतं, कशाला लावता, ऐकू तर येत नाही. ती दोन्ही तळवे पेटीच्या लाकडाला टेकवून उभी असायची. म्हणाली, "ती श्वास कुठे घेते, ते हाताला कळतं."

पत्राखाली मी सवयीने 'आई-बाबा' लिहिलं होतं. खोडलंय, तेवढं माफ कर.

तुझा एकटा
बाबा