लिंबाखालचा खारोबा

प्रिय जमील,

परळीत तुझं गॅरेज जोरात आहे आणि तुझ्या हाताखाली शिकणारा जावेद आता एकटा इंजिन उतरवतो, हे तुझ्याकडं येऊन गेलेल्या वासिफकडून कळलं. लई बरं वाटलं. इकडे मिलमध्ये माणसं सगळी ठणठणीत आहेत. बिघडलंय ते पाणी.

तू होतास तेव्हा बोअरच्या जोडीला धरणाचं पाणी तरी मिळायचं. आता सगळी मदार बोअरवर. उसाच्या चिपाडाचा लगदा पांढरा करायला घेतला की टाकीला, पाइपांना, धुण्याच्या ड्रमच्या जाळीला खार धरतो. भोकं बुजली की लगदा धुऊन निघत नाही आणि कागद पिवळा पडतो. ॲसिड मारतो, छिन्नीनं खरवडतो, आठवड्यात पुन्हा तेच. शेवटी मालकांनी पाणी मऊ करायचा प्लांट मागवला. म्हणाले, दिवाळीआधी उभा राहिला तर ठीक, नाहीतर ब्लीचिंग बंद, नुसता खाकी कागद काढू. म्हणजे आम्ही ब्लीचिंगवाले सगळे घरी.

प्लांटला जागा एकच, गेटाजवळच्या लिंबाशेजारी. आणि तिथं खारोबा बसलाय. तू गेल्यानंतरचा देव आहे तो. झाडलोटीच्या मनकर्णाबाईंना लिंबाखाली पांढरा गोल दगड दिसला, त्यांनी नारायणगडाहून येताना आणलेला शेंदूर त्याला लावला, आणि त्या महिन्यात ड्रम एकदाही अडला नाही. झालं! आता दुरुस्तीच्या शटडाऊनला नारळ फुटल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही. नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही. मीही जाता-येता हात जोडतो. देव कुठून आला हे माहीत असलं म्हणून हात जोडू नयेत, असं मला कधी वाटलं नाही.

खड्डा खोदायला जेसीबी आला. ड्रायव्हर सिदू खाली उतरला, चपला काढल्या, पाया पडला आणि म्हणाला, “लेकरंबाळं हायत मला. मी न्हाई उचलत.” मॅनेजरसाहेब चिडले, “सरक बाजूला, मीच उचलतो!” म्हणत वाकले, आणि नेमका तेव्हाच त्यांना कुणाला तरी फोन करायचं आठवलं. काम तिथंच थांबलं. दिवाळी काही थांबणार नव्हती.

मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. म्हटलं, हा दगड जमिनीतून वर आलेला नाही, आपल्याच टाकीच्या तळाला धरलेला खार आहे. जमील फिटरनं पहार घालून तो सोडवला, दुसऱ्या टोकाला मी होतो. मी फेकायला निघालो तर जमील म्हणाला, “फेकायचं कावून बे? बसायला हाय की.” आणि मिल सोडेपर्यंत तो लिंबाखाली त्याच्यावर बसूनच डबा खायचा.

मी मनकर्णाबाईंकडं बघत होतो. चारचौघांत बाईंना कमीपणा येईल, याचीच मला धास्ती होती. बाईंनी पदर खोचला आणि म्हणाल्या, “मंग लई सोपं झालं की! ज्यानं बसवला त्यानंच उठवावा. जमीलभाऊला सांगावा धाडा.” सिदू सगळ्यात आधी हसला.

म्हणून हे पत्र. फोनवर तू नुसता हसत बसला असतास आणि येतोस की नाही ते राहूनच गेलं असतं. येत्या रविवारी ये. गेटाच्या भिंतीपलीकडं मी खारोबासाठी विटांचा ओटा बांधून ठेवलाय. तुझ्या मनाला पटेल तेवढंच कर. नुसती पहार लावून हलवलास तरी पुढचं आम्ही उचलतो. जेवण बाईंच्या घरी आहे, भाकरी आणि ठेचा. त्यांची अट मात्र एकच आहे. ओट्यावर ठेवल्यावर दमलास तरी चालेल, पण खारोबावर बसायचं नाही.

तुझी वाट पाहणारा, तुझाच
म्हाळू