नदी भरते तो दिवस

जॉर्ज टाउन, मद्रास
४ जुलै १९७९

चि. सौ. विजयलक्ष्मीस अनेक आशीर्वाद.

इकडे तमिळांचा आडी महिना तोंडावर आला. अठराव्या दिवशी तंजावरात आपण भरल्या कावेरीची ओटी भरायचो. इथे नळालाच पाणी नाही, म्हणून मी लॉरीचं पाणी घागरीत भरून तिलाच कावेरी म्हणते. तुझे अप्पा हसतात, हसू देत.

तुझ्या दारात तर आख्खी नदी आहे. काळे मणी, पिवळा दोरा पाठवलाय. ३ ऑगस्टला चित्रान्न करून तिची ओटी भर. गोरी असली म्हणून काय झालं, नदी ती नदीच.

जावईबापूंच्या तिथल्या नोकरीची दोन वर्षं सरत आली. तुमची खोली रोज झाडते. तुझा धाकटा भाऊ रत्नाकर बिचारा अजून व्हरांड्यातच झोपतो.

येण्याची तारीख कळव. लोभ आहेच, येताना तुझाही जपून आण.
तुझी आई, सईबाई

फ्रेडरिक्टन, कॅनडा
६ ऑगस्ट १९७९

ती. सौ. आईस, शि. सा. न. वि. वि.

ओटी भरली, पण चुकलंच. ऑगस्टात इथली नदी आटलेली असते. मणी काठच्या चिखलातच पडून राहिले, मला रडू आलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, ही भरते एप्रिलात, बर्फ फुटून वाहू लागलं की. सहा वर्षांपूर्वी पाणी रस्त्यांवर आलं होतं.

त्यांनी गावाची गोष्टही सांगितली. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या लढाईत हरलेली माणसं होड्यांतून ह्या नदीने वर आली. पहिला हिवाळा तंबूत काढला, कितीतरी लेकरं गेली. उरलेल्यांनी घरं बांधली. आता रस्तोरस्ती एल्मची उंच झाडं आहेत. संध्याकाळी त्यांच्याखालून चालताना मी जागी आहे की झोपेत, कळत नाही.

आई, ह्यांना कॉलेजात कायमची नोकरी देताहेत. उत्तर महिनाअखेर द्यायचंय. मला राहावंसं वाटतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटते. तू म्हणशील तसं करू.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझी विजया

मद्रास
१८ ऑगस्ट १९७९

चि. सौ. विजयेस आशीर्वाद.

दोन दिवस मी तुमची खोली झाडली नाही. अप्पांनी तुझं पत्र पुन्हा वाचून दाखवलं. काल स्वप्नात कावेरीकाठी तुझी ती उंच झाडं होती आणि तू खालून चालली होतीस. मी हाक मारली नाही.

चूक माझीच. मी पंचांग बघून तारीख सांगितली, पाणी बघितलं नाही. नदी भरते तोच आपला अठरावा दिवस. तिथे तो एप्रिलात येतो, तर एप्रिलात ओटी भर.

तुमची खोली रत्नाकरला दिली. मणी बोटीच्या टपालाने पुन्हा पाठवतेय. सावकाश येतील, पण नदी भरायच्या आत पोचतील.

पत्र पाठवत जा, लोभ इथे भरलेला आहे.
तुझी आई