कुंपणापलीकडची म्होरकी

९ जून

म्होरकी मेंढी कापायची म्हणे! धाकटे दीर सकाळी कॉफीला आले. तीन कप रिचवले आणि चौथा ओतून घेता घेता सुरू झाले — वहिनी, यंदा हिवाळ्याआधी त्या ग्रीमाचं काय ते बघून टाका. नुसते पाय आणि शिंगं. तिच्या गवतात दोन कोकरं पोसली जातील.

मी म्हटलं, पोसून खायला तुम्ही आहातच.

हावर्दुर भावजी हसले. हसतात छान, तीच पंचाईत. माझा नवरा कोल्बेन गेल्यापासून गवत कापायचं, छप्पर शाकारायचं, सगळं त्यांच्यावर. दोघांची मेंढरंही एकाच गोठ्यात. तेव्हा बोलायचा हक्क आहे त्यांना. पण ग्रीमा माझी. कोल्बेनने जायच्या आधीच्या वसंतात कोटात गुंडाळून आणली होती, अर्धं तोंड काळं, अर्धं पांढरं, मुखवटा चढवल्यासारखं. बाकीची मेंढरं लोकर देतात, मटण देतात, दोघीतिघी थोडं दूधही देतात. ग्रीमा वाट देते. पुढे चालते, हवा ओळखते, आणि सगळी तिच्यामागे जातात. ते कुठल्या तराजूत घालायचं?

११ जून

ग्रीमा आज दारातच अडली. मान वर, अंगभर थरथर. बादली वाजली तरी दचकली. मी भावजींना सांगितलं, मेंढरं आज बाहेर काढू नका, हिला काहीतरी दिसतंय.

"म्हातारी झालीय ती, वहिनी. सकाळी उठल्यावर तुम्हीही थरथरता, म्हणून काय बर्फ पडतो?"

संध्याकाळी पडला! ओला, बोचरा, आडवा. शेजारच्या खोऱ्यात दोन-चार कोकरं गारठून गेली म्हणे. ग्रीमा हललीच नाही म्हणून आमची सगळी आत, कोरडी. जेवताना मी वाळवलेल्या माशावर लोणी जरा जास्तच फासलं आणि भावजींकडे बघत बसले. ते ताटात बघत होते.

१६ जून

मेंढरं उन्हाळाभर मोकळी चरायला डोंगरावर गेली. निघण्याआधी ग्रीमा फाटकाच्या खांबाला मान घासत उभी. लोकर सुटायचेच दिवस आहेत. यंदा जरा जास्तच घासते, मानेखालची कातडी उघडी पडलीय. लाडावलीय. खांबाला अडकलेले झुपके मी पिशवीत भरून आणले.

२ ऑगस्ट

ग्रीमाच्या लोकरीचे हातमोजे झाले. एकच जोडी. काळे-पांढरे, तिच्या तोंडासारखे.

६ सप्टेंबर

रेडिओ म्हणतो उत्तरेकडून बर्फ येतोय. मेंढरं उतरवायचा दिवस मात्र अजून पुढच्या आठवड्यात. तो दिवस पूर्वीपासून ठरलेला असतो आणि डोंगराचा राजा, म्हणजे मेंढरं उतरवणाऱ्यांचा पुढारी, सांगेल तसं सगळ्यांनी वागायचं. यंदाही राजा हावर्दुर भावजीच. मी सगळ्यांदेखत म्हटलं, चार दिवस अलीकडे घ्या.

म्हणाले, आमच्या आज्यानेही दिवस बदलला नव्हता. सप्टेंबरात कधी मेंढी बुडेल एवढा बर्फ पाहिलाय का?

मी म्हटलं, ग्रीमा इथे असती तर तिला विचारलं असतं.

"मग लावा की तिला फोन!"

सगळे हसले. मीही हसले, मेली.

१० सप्टेंबर

वीज नाही. खिडक्या पांढऱ्या. दार उघडत नाही.

१२ सप्टेंबर

लांब काठ्या घेऊन डोंगरावर. बर्फात काठी खुपसायची, मऊ लागलं की खणायचं. भावजींची मेंढरं एका घळीत सापडली, एकमेकींवर चढलेली. खालच्या गुदमरून गेलेल्या. वरच्यांपैकी काही जिवंत होत्या. त्यांनी भुकेने एकमेकींची लोकर खाल्ली होती, पाठी पार उघड्या. एक मेंढी तोंड तेवढं बर्फाबाहेर काढून होती. कावळ्यांनी तिचे डोळे नेले होते आणि ती श्वास घेत होती. भावजींनी खिशातली सुरी काढली. मी त्यांचा हात बघत होते. 

 मी काठी उचलली आणि पुढे खुपसत गेले.

माझी एकही सापडली नाही. जिवंत नाही, मेलेली नाही.

१३ सप्टेंबर

आल्फदीसचा फोन! डोंगरापलीकडच्या खोऱ्यात एकटीच राहते. म्हणाली, "तुझ्या कानखुणेची मेंढरं परवा वादळात माझ्या दारात आली, बाई. एकामागे एक, पुढे ती अर्ध्या तोंडाची. सगळी धडधाकट. हावर्दुरचीही आहेत काही."

मी फोन धरून रडले. आल्फदीस म्हणाली, माझ्याच गोठ्यात घेतलीयत, माझ्या मेंढरांत मिसळलीयत, गवताची काळजी करू नको. ग्रीमा तर तिच्या म्हाताऱ्या मेंढीला चिकटून झोपते.

फोन ठेवला आणि मग लक्षात आलं. पलीकडच्या खोऱ्यात म्हणजे दोन खोऱ्यांमधल्या तारेच्या कुंपणापलीकडे. तार बर्फाखाली गेली असणार. ग्रीमाला बर्फाची सपाट वाट दिसली आणि ती सगळ्यांना घेऊन गेली.

कुंपण ओलांडलेलं मेंढरू परत येत नाही. कापतात. रोगराई पसरू नये म्हणून नियमच आहे.

१४ सप्टेंबर

भावजी आले. कॉफीला हात लावला नाही. म्हणाले, आल्फदीस तोंड उघडणार नाही. तार अजून बर्फाखालीच आहे. अंधार पडला की घेऊन येतो. "वहिनी, आता तेवढीच धड उरलीत. तुमची आणि माझी."

मला वडिलांचा गोठा आठवला. मी लहान होते. खाजेचा आजार. मेंढरं खांबाला अंग घासायची, रक्त येईस्तोवर. चाहूल लागली की दचकायची, थरथरायची, मग पडायची. सगळी मारली, निरोगीसुद्धा. खड्डा खणला, गोठ्याच्या फळ्या जाळल्या. दोन हिवाळे आमच्या खोऱ्यात मेंढीचा आवाज नव्हता. वडील सवयीने सकाळी उठायचे आणि अंगणात उभे राहायचे. ते तारेचं कुंपण त्यानंतरचं.

मी म्हटलं, भावजी, त्या बाजूला काही असलं आणि आपण ते इकडे आणलं तर?

"आल्फदीसच्या गोठ्यात? तिचा गोठा तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मीच कळवलं. भावजी समोर बसून ऐकत होते. मग टोपी घेऊन गेले.

१७ सप्टेंबर

कत्तलखान्याचा ट्रक आल्फदीसच्या अंगणात. मेंढरं फळीवर चढेनात. ड्रायव्हर ओरडला, कुत्रं भुंकलं, कोकरं भिंतीला चिकटली. आल्फदीस आत गेली, तिला बघवेना.

भावजी तीन दिवसांत माझ्याशी पहिल्यांदा बोलले.

"वहिनी, तिला हाक मारा."

मी ट्रकात चढले आणि हाक मारली. ग्रीमा आली. हातमोजे हुंगले, तिच्याच लोकरीचे. भाकरीचा तुकडा घेतला आणि चढली. तिच्यामागे सगळी, रांगेत, एकही न अडता. ग्रीमाने मागे वळून पाहिलं नाही. मागची येतायत हे तिला ठाऊक असतं.

माझ्या अंगावरून पुढे गेली आणि ट्रकाच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिली. तिथून पुढे वाट नव्हती. तेव्हा वळून माझ्याकडे बघितलं.

मी उतरले. फळी वर घेतली.

निघताना आल्फदीसने चीज बांधून दिलं. गवताचे पैसे घेतले नाहीत. म्हणाली, वेडी आहेस का, माझ्या मेंढरांना सोबत झाली.

१८ सप्टेंबर

सकाळी सवयीने उठले.

२ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाईंचा फोन. कापलेल्या सगळ्यांची तपासणी झाली. खाजेचा आजार निघाला. एकटीला. ग्रीमाला. बरेच महिने अंगात असणार, म्हणाल्या, तुमच्याच गोठ्यातला. जूनमध्ये खाजवत होती का? दचकायची का?

आल्फदीसची सगळी मेंढरं आता कापायला नेणार आहेत. तिला अजून कळवलेलं नाही. मी म्हटलं, मी सांगते.