गौरीपुढची स्पॅनिश फुगडी

श्रावण वद्य दशमी

आज पार्सल आले. बोटीवर नोकरीला असलेल्या भाऊजींकडून स्पॅनिश गाण्याची एक रेकॉर्ड, फुकट. ग्रामोफोनच्या पिनांची डबी इथे घेतली, दहा आणे. तिकडच्या बंदरांत घरोघर हेच गाणे वाजते, असे ते लिहितात.

दुपारी लावली. सासूबाई म्हणाल्या, "बंद कर गो ते, मी जपाला बसलेय." पण जपमाळ ठेक्यावरच सरकत होती, मी पाहिले ना. तिसऱ्यांदा लावली तोवर आळीतल्या बायका अंगणात फुगडी घालू लागल्या. आता गौरीपुढेही हीच हवी म्हणतात. पण शब्द वाईट असले तर? देवीसमोर कसे चालेल?

जपमाळ खाली ठेवून सासूबाई म्हणाल्या, "धाकट्याला विचार."

लगेच पत्र लिहिले. भाऊजी, अर्थ चांगला असेल तर उलट टपाली कळवा. सासूबाई सांगतात, वाईट असेल तर गौरी गेल्यावर.