सुव्यातला हिवाळा

सुवा,
शनिवार

प्रिय इनोके,

तुझ्या ब्रिस्बेनच्या कंपनीचा मसुदा परवा माझ्या टेबलावर येऊन पडला. 'व्यापारी इमारतींमधील ऊर्जाबचतीचे राष्ट्रीय धोरण'. कागद असा गुळगुळीत की हात लावायची भीती वाटावी. मुखपृष्ठावर नारळाचं झाड, आणि आत चौथ्या प्रकरणात, हिवाळ्यात इमारतीतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना अस्तर कसं लावावं याचं साग्रसंगीत विवेचन. ऊब! सुव्यात! जिथे बारा महिने घाम पुसावा लागतो! ब्रिस्बेनच्याही खालच्या कुठल्या तरी गारठलेल्या शहराचं काम उचलायचं, गावाचं नाव बदलायचं आणि इकडे पाठवून द्यायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या शकुंतलाने तो भाग मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "विलिमाइना, लोकरीचा भाव काढून ठेव गं, थंडी येतेय." आम्ही पोट धरून हसलो. मग लक्षात आलं की हसताना आम्ही दोघींनीही स्वेटर घातले होते, कारण आमच्या कचेरीतला एसी बर्फ पाडायचा तेवढा बाकी होता. त्या हिशेबाने तुझं प्रकरण अगदीच खोटं नाही म्हणायचं.

तर या मसुद्यावर आमच्या ऊर्जा खात्यातर्फे 'मान्य' अशी सही करायची ती मी. ती झाली की तो मंत्र्यांकडे जाणार, आणि मग पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतेय, हे तुला माहीत असेलच. निदान असावं.

त्या हॉटेलातल्या तुमच्या चर्चासत्राबद्दल आता तुला स्पष्टच सांगते. बाहेर कपडे अंगाला चिकटत होते आणि आत दात वाजत होते. मंत्री कमरेला सुलू गुंडाळून वर कोट आणि टाय घालून आले, सगळे सचिव कोटात, म्हणून एसी अठरावर. त्या गारठ्यात मंत्र्यांनी विजेची बचत या विषयावर भाषण ठोकलं आणि पुढच्या रांगेतल्यांनी हात चोळत टाळ्या वाजवल्या. तुझा तो ग्रेगसाहेब दर वाक्याला 'बुला' म्हणून नमस्कार घालत होता, जणू एवढा एक शब्द पाठ केला की बेटं कळली. त्याने आम्हाला आमच्याच देशाची माहिती रंगीत चित्रांत दाखवली. आणि तू त्याच्या बाजूला कोटाची बटणं लावून उभा होतास, मान डोलावत. मला इतकी लाज वाटली की मी बराच वेळ बिस्किटांच्या बशीकडे बघत बसले.

तुमचा नियम लागू कुणाला, तर एवढ्या मोठ्या इमारतींना की सगळ्या सुव्यात त्या बोटांवर मोजाव्यात. बस स्टँडसमोरची ती सुपरमार्केटं, जी दारं सताड उघडी टाकून रस्ता थंड करतात, ती सुटली. बँकांच्या शाखा सुटल्या. व्हिक्टोरिया परेडवरची नवी काचेची कपाटं, ज्यांची एकही खिडकी उघडत नाही, त्यांना फक्त 'स्वेच्छेने तारांकन' घ्यायचं. म्हणजे दारावर एक तारा चिकटवायचा आणि मिरवायचं. पाऊस कमी झाला की धरण उतरतं, वीज कमी पडते, मग जहाजातून आलेलं डिझेल जाळून या दुकानांचे दरवाजे थंड ठेवतात. आणि तुझी मावशी कंदावू बेटावर अजून संध्याकाळी जनरेटर चालू असेतो भराभर जेवण उरकते. गावाला पुरेल एवढं डिझेल द्या म्हटलं की उत्तर येतं, तेल महाग आहे. हे मी त्या चर्चासत्रात उठून सांगितलं होतं. ग्रेगने "फार मोलाचा मुद्दा" म्हणून लिहून घेतलं. कुठे लिहून घेतलं कोण जाणे.

मी साध्या चार गोष्टी मागितल्या होत्या. नियम लहानमोठ्या सगळ्यांना. एसी पंचवीसच्या खाली नको. नव्या इमारतीत उघडणाऱ्या खिडक्या हव्यात. आणि कचेरीत कोट-टायची सक्ती नको, कारण कोट गेल्याशिवाय अठराचा आकडा हलणार नाही. मसुद्यात यातली एकही नाही. आमच्या नायडूसाहेबांना विचारलं तर म्हणाले, "ताई, मंत्र्यांना कोट काढायला सांगणार कोण? तुम्ही?" देशाचं धोरण कोटाच्या बटणाशी अडलंय आणि या शहाण्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. तो मसुदा लिहिणारा माझा मुलगा आहे, मी सही करणं बरोबर नाही, दुसऱ्या कुणाला तरी द्या, हेही मी त्यांना सांगितलं. त्यावर खो खो हसले. "अहो, मग तर घरचंच कार्य! करून टाका." शकुंतलासुद्धा जेवणाच्या सुट्टीत हळूच म्हणाली, "डोंबलाचं धोरण ते, कोण वाचतंय? पोराच्या पोटावर पाय नको देऊस." ती माझ्यावरच्या मायेपोटी म्हणाली, म्हणून तिच्यावर रागावले नाही.

तू पाठवलेला एसी अजून खोक्यातच आहे. त्याच्यावर मी इस्त्री करते, उंची बरोबर जमते. चर्चासत्राच्या वेळी तू घरी अर्धा तास आलास, रोरोची भाजी आणि उकडलेले डालोचे कंद पुढे ठेवले तर घड्याळ बघत चार घास खाल्लेस, आणि "आई, या उकाड्यात कशी राहतेस?" असं विचारून हॉटेलवर झोपायला गेलास. मला ते फार लागलं. याच घरात तू वाढलास रे. पाऊस समुद्राकडून आला की कुणी न सांगता धावत जाऊन त्या बाजूच्या खिडक्यांच्या काचेच्या पट्ट्या मिटायचास आणि मागच्या बाजूच्या सगळ्या उघडायचास. वारा घरातून आरपार जायचा आणि तुझे बाबा चटईवर पडल्या पडल्या ओरडायचे, "वाऱ्याचा मंत्री आला रे आमच्या घरी!" तू तेव्हा तिसरीत होतास. तुला हे शिकवायला ग्रेग लागला नव्हता.

चर्चासत्रात चहाच्या वेळी मी तुला शोधत बाहेर आले होते. तू मागच्या व्हरांड्यात एकटाच होतास. कोट कठड्यावर टाकलेला, बाह्या वर सारलेल्या, समुद्राकडे तोंड करून डोळे मिटून वारा घेत होतास, अगदी लहानपणी उभा राहायचास तसा. मी हाक मारली नाही. मग आतून ग्रेगने बोलावलं आणि तू कोट चढवून आत गेलास. मूर्खांचा मला राग येत नाही इनोके, त्यांच्यात माझा जन्म गेला. तुला सगळं ठाऊक आहे, म्हणून तुझा राग येतो. मी काल मसुद्यावर 'अमान्य' लिहून सही केली आणि खाली त्या चार गोष्टी पुन्हा लिहिल्या. सोमवारी तो ग्रेगच्या हाती पडेल. खाली माझं नाव बघून तो तुला आत बोलावेल, आणि काय होईल ते मला कळतं. तुला ते त्याच्या तोंडून कळू नये, म्हणून हे पत्र आजच ई-मेलवर पाठवतेय. नोकरी राहिली तर इथे येऊन मसुदा नव्याने लिही. गेली तरी ये. तुझी खाट मी खिडकीखाली ओढून ठेवली आहे. कोट मात्र तिकडेच ठेव.

तुझीच,
आई