गाडी गचके खाते त्याविषयी

सौ. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरल्यामुळे प्रत्यक्ष घालता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझी सर्दी, दाजींचं ब्लडप्रेशर आणि भाच्याचं गणित ही सगळी एव्हाना ताब्यात आली असतील अशी आशा करतो. इकडे आई बरी आहे, अप्पा बरे आहेत, ही बरी आहे. बरी नाही ती फक्त गाडी, आणि तिच्यापायी मी.

कोणती गाडी म्हणून विचारू नकोस. अप्पांच्या ड्रायव्हिंग स्कूलची तीच ती. स्कूल बंद झालं, पण गाडी निवृत्तीचं नाव घेत नाही. अप्पाही घेत नाहीत. आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी दर सोमवारी आणि गुरुवारी तेच दवाखान्यात नेतात, आणि गेले काही महिने गाडी वाटेत गचके खाते. ॲक्सिलरेटर दाबला की आधी विचार करते, मग नाक मुरडते, मग पुढे उडी मारते आणि लगेच पश्चात्ताप झाल्यासारखी अडते. कधी इंजिन नुसतंच बोंबलतं आणि गाडी जागची हलत नाही. मागे एकदा भर चौकात अशीच अडली, आणि मागून सिमेंटचा मिक्सर येत होता. त्या ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला, नाहीतर तुला हे पत्र वेगळ्या मजकुराचं आलं असतं. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "पिकअप घेत नाही. दाखवून आण." आई पाणी प्यायली आणि भिंतीकडे बघत बसली. मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली, ताई.

आता दाखवायची कुठे? आपल्या मेकॅनिककडे. तो अप्पांचा शिष्य. (अप्पांचा शिष्य नाही असा माणूस इथे दिवा घेऊन शोधावा लागेल. आईच्या गुडघ्यांचे डॉक्टर शिष्य. चौकातला हवालदारही शिष्य. त्याने आजवर अप्पांना शिट्टी मारलेली नाही, उलट ते दिसले की टोपी सरळ करतो.) मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि "सरांची गाडी" म्हणत इंजिनालाच हात जोडले. मग मला शेजारी बसवून चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली. परत येताना मी चालवली. तशीच चालली. पण सरांची तक्रार आहे म्हणजे बिघाड असलाच पाहिजे, असं ठरवून त्याने स्पार्क प्लग बदलले. सोमवारी गाडी बेडकासारखी गेली. त्याने पेट्रोलचा फिल्टर बदलला. गुरुवारी पुन्हा तेच. मग हवेचा फिल्टर, मग टाकीतला पंप. इंजिन बोंबलतं म्हणून क्लचप्लेट. पेट्रोलात पाणी असेल म्हणून टाकी उपडी केली. एवढ्यात शेजारच्या वकिलांनी सांगितलं की गाडी पुढे जाताना मागचे लाल दिवेही लुकलुकतात. (हे सांगताना त्यांना किती आनंद झाला होता ते काय सांगू.) त्यावर सगळं वायरिंग उसवून झालं. मूळ गाडीतलं आता अप्पा, आई आणि हॉर्न एवढंच शिल्लक आहे.

शेवटी मी रजा काढली आणि गुरुवारी मागच्या सीटवर जाऊन बसलो. पहिल्या वळणावर गाडीने गचका खाल्ला तेव्हा माझं डोकं पुढच्या सीटवर आपटलं, आणि डोकं तिथे होतं म्हणूनच खाली नजर गेली. खाली आईचा पाय होता. ब्रेकवर!

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला डावीकडच्या सीटपुढेही एक क्लच आणि एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला तर शिकवणाऱ्याला गाडी आवरता यावी म्हणून. लहानपणी आपला पाय नुसता तिकडे वळला तरी टपली बसायची, आठवतं ना? मी अजूनही त्या सीटवर पाय दुमडूनच बसतो, म्हणून मी शेजारी असताना गाडी शहाण्यासारखी वागायची. आई मात्र दोन्ही पाय रोवून बसली होती. अप्पांनी ॲक्सिलरेटर दाबला की ती ब्रेक दाबायची. जास्त घाबरली की क्लचही. गाडी एक, ड्रायव्हर दोन, आणि त्यातल्या एकीकडे लायसन्स नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच.

घरी आल्यावर मी तिला स्वयंपाकघरात गाठलं. म्हटलं, "आई, हे काय चालवलंयस?"

ती म्हणाली, "मग काय करू? त्यांना डाव्या डोळ्याने दिसत नाही आता. डावीकडून सायकल आली की मी ओरडायचे. ओरडले की चिडायचे. म्हणून आता ओरडत नाही, पाय ठेवते."

"आणि चौकात?"

"चौकात कोणीच येत नव्हतं रे. मला उगाच वाटलं, आणि दोन्ही दाबले गेले."

"मग त्यांना सांगत का नाहीस?"

"तू सांग," ती म्हणाली आणि कढईत झारा फिरवायला लागली.

मी तडक बाहेर गेलो. अप्पा गाडीची काच पुसत होते. डावीकडची पुसायची राहून गेली होती. मला पाहून म्हणाले, "काय, सापडलं का?" आणि ताई, मी म्हणालो, "कॉइल असेल." म्हणजे आता कॉइलही बदलून झाली.

मी काय करू, सांग. ज्यांनी जगाला डावी-उजवीकडे बघायला शिकवलं, त्यांना "तुम्हाला दिसत नाही" असं कोणत्या तोंडाने सांगू? डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "सरांना मी कसं सांगणार?" मेकॅनिकला विचारलं, तर त्याने नवा रेडिएटर सुचवला. आणि एक दिवस आईचा पाय पोचायला उशीर होईल. दर सोमवारी आणि गुरुवारी, दोघं परत येईपर्यंत, मला दुसरं काही सुचत नाही.

बाकी सर्व क्षेम. दाजींना नमस्कार, भाच्याला मामाचा धपाटा. असाच जीव लावत राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. – वरचं सगळं केवळ माहितीसाठी नाही. तू ये आणि त्यांना सांग. त्यांच्यासमोर तोंड उघडायची छाती आपल्या घरात फक्त तुझी आहे. मी त्या वेळी ऑफिसात असेन.

ता. क. २ – पत्र टाकायला अप्पांकडेच देतोय, टपालपेटी त्यांच्या फिरण्याच्या वाटेवर आहे. काळजी नको, पाकीट घट्ट चिकटवलंय.

चि. सौ. बाळ, अनेक आशीर्वाद. पाकीट घट्ट चिकटलेलं नव्हतं. हा कुठलंच काम शेवटाला नेत नाही. त्या ब्रेकवर माझी हयात गेली. त्यावर कोणाचा पाय आहे आणि तो किती घाबरलाय, हे मला उजवीकडे बसूनही कळतं. पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुझी आई वेळेवर दाबते, म्हणून इतके दिवस निभावलं. चौकात मात्र मी हादरलो. तरी "दाखवून आण" म्हणालो, कारण वाटलं, गाडीतही काहीतरी निघेल. प्रत्येक वेळी वाटायचं, या खेपेला निघेल. तू ये. किल्ली कोणी परस्पर उचलून ठेवू नका. समोर बसून माग. मी देईन.